झुरळांची मोजणी

ते झुरळ गुपचूप कॅलेंडरच्या मागून गेलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण केशवरावांच्या घरातली झुरळंही केशवरावांसारखीच सरळमार्गी. ते भिंतीच्या मधोमध निघालं, आणि तेही नेमकं मुलाचा, अपूर्वचा, पुण्याहून व्हिडिओ कॉल चालू असताना. इकडे केशवराव नव्या सूनबाईला, मधुवंतीला, आपल्याकडच्या महालक्ष्म्या म्हणजे काय थाट असतो ते रंगवून सांगत होते, आणि त्यांच्या टकलामागून हे महाशय मिशा हलवत सावकाश चालले होते.

"बाबा, मागे!" मधुवंती एवढ्यांदा ओरडली की केशवरावांना वाटलं, साप निघाला. ते धोतर सावरत खुर्चीवर चढले. झुरळाने क्षणभर थांबून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग ते स्वयंपाकघरात निघून गेलं.

"मला पालीचं काही नाही वाटत हो आई, फक्त झुरळ..." असं मधुवंती नंतर सासूला म्हणाली. ते समजूत घालण्यासाठीच होतं, पण शरयूताईंचा चेहरा उतरायचा तो उतरला. लग्नानंतर सून पहिल्यांदाच महालक्ष्म्यांना येणार होती. रीतीप्रमाणे मुखवटा हातात घेऊन उंबऱ्यातून तीच आत येणार, सगळं घर हिंडणार, आणि सासू तिला एकेक जागा दाखवत जाणार. हे माजघर, ही धान्याची कोठी, हे स्वयंपाकघर. आणि हे आमचं झुरळ, असं म्हणायची वेळ आली तर? फोन ठेवल्याबरोबर शरयूताईंनी निकाल जाहीर केला.

"ही झुरळं कुठंतरी एका जागी जमून राह्यली. ती जागा शोधा. आणि ज्या वस्तूत सापडतील ना, ती वस्तू महालक्ष्म्या यायच्या आत घराबाहेर. मग ती कुणाची का असेना, अन् कितीही लाडकी का असेना."

'लाडकी' म्हणताना त्यांनी केशवरावांच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. गठ्ठ्याचं केशवरावांना काही नव्हतं. ते घाबरले ते वेगळ्याच कारणाने. खुर्चीवर उंच उभं असल्यामुळे झुरळ कुठे गेलं ते त्यांनी स्वच्छ पाहिलं होतं. ते फ्रीजच्या मागे गेलं होतं.

आता हा फ्रीज म्हणजे काही साधासुधा फ्रीज नव्हता. मस्तगडातल्या त्या गल्लीत आलेला तो पहिला फ्रीज. औरंगाबादेहून टेम्पोतून आला तेव्हा त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता, आणि गल्लीतली पोरं 'बर्फ झाला का, बर्फ झाला का' करत संध्याकाळपर्यंत ओट्यावरून हलली नव्हती. जालन्याचा मे महिना म्हणजे माणूस सावलीतसुद्धा भाजून निघतो. त्या दिवसांत केशवरावांच्या दाराला कडी लागत नसे. कुणाचं ताक, कुणाच्या लग्नातले गजरे, कुणाच्या डोहाळजेवणाचं श्रीखंड, कुणाच्या बारशाची बासुंदी, सगळं त्या फ्रीजमध्ये. शेजारच्या कचरूभाऊंच्या इन्सुलिनची बाटली तर दाराच्या वरच्या कप्प्यात कायमची राहायला आली होती. कचरूभाऊ रोज सकाळी ती घ्यायला येत आणि चहा झाल्याशिवाय, टेंभुर्णीच्या शेतातल्या बोंडअळीची खबर दिल्याशिवाय जात नसत. साखर नसलेल्या चहाला ते जी नावं ठेवत ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

शरयूताईंना त्या वेळी या सगळ्याचा वैताग यायचा. "माझ्या स्वयंपाकघराची पाणपोई केली तुम्ही," असं त्या म्हणत, आणि ते खरंही होतं. मग हळूहळू घरोघर फ्रीज आले, या फ्रीजपेक्षा उंच आणि दोन-दोन दारांचे आले. कुणाचं कुणाशी भांडण झालं नाही, वाईटपणा आला नाही, फक्त येण्याचं कारण उरलं नाही म्हणून लोक येईनासे झाले. कचरूभाऊ तर गेलेच. उरला हा फ्रीज. बंद होताना तो चढाला लागलेल्या एसटीसारखा थरथरे, त्याचं दार सुतळीने बांधावं लागे, पण थंड करी. तो घरात आहे तोवर ते दिवसही घरातच कुठेतरी आहेत, असं केशवरावांना आपलं वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आपला जीव फ्रीजवर आहे हे कुणाला कुठल्या तोंडाने सांगावं?

केशवराव भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त मोजणीदार. जाफराबादपासून अंबडपर्यंत जिल्हाभर त्यांनी साखळ्या ओढल्या होत्या. सख्ख्या मेव्हण्याच्या बांधावरसुद्धा त्यांनी हद्द बोटभर सरकू दिली नव्हती, आणि त्यापायी मेव्हणा कितीतरी दिवाळ्या भाऊबीजेला बहिणीकडे आला नव्हता. असा माणूस झुरळं शोधणार म्हणजे चप्पल घेऊन थोडाच धावणार! त्यांनी घराचा नकाशा काढला. उत्तर दिशा दाखवली. जिथे जिथे झुरळ दिसेल तिथे खडूने फुली, आणि त्याने तोंड जिकडे केलं असेल तिकडे बाण. शरयूताईंना हुकूम दिला की झुरळ दिसलं की आधी मारायचं नाही, आधी हाक मारायची.

"अहो, लवकर या, सिंकमध्ये एक बसलंय!"

"तोंड कुणीकडे आहे?"

"ते मी विचारलं न्हाई!"

दोन-तीन दिवसांत जमीन फुल्यांनी भरली. मग केशवरावांनी एका सकाळी पट्टी घेतली, सगळ्या फुल्या नकाशावर उतरवल्या आणि रेघा ओढल्या. मोजणीचं शास्त्र ते, कुणाचं ऐकत नाही. सिंकापासूनची रेघ, मोरीपासूनची रेघ, कॅलेंडरपासूनची रेघ, सगळ्या एका ठिकाणी येऊन मिळाल्या, फ्रीजच्या बुडाशी. केशवरावांनी चष्मा पुसला, पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. तेवढ्यात शरयूताई पदराला हात पुसत आल्या. "निघाली का जागा?"

आणि ज्या माणसाने मेव्हण्यासाठी पट्टी हलवली नव्हती, त्याने ती फ्रीजसाठी हलवली. अगदी अंगठ्याएवढी. रेघा गेल्या माळ्यावर.

"माळा," केशवराव म्हणाले. आवाज जरा कापला, पण शरयूताईंना ते मोजणीच्या श्रमाने वाटलं.

डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. इथे तोही निघाला नाही. माळ्यावरून तांब्याचं घंगाळ निघालं, अपूर्वचा पाळणा निघाला, न वापरलेली स्टीलची आहेराची भांडी निघाली, त्यांतल्या प्रत्येकावर कुणा ना कुणाचं नाव कोरलेलं. शरयूताई ती नावं वाचत खालीच बसल्या. "ही बघा, जाफराबादच्या आत्याबाईंची पळी. किती दिवस झाले त्यांना फोन करून." केशवराव मात्र पळीच्या आठवणीत रमू शकले नाहीत, कारण घंगाळ उतरवताना त्यांच्या पाठीत उसण भरली होती. ते पाळण्याच्या दांडीला धरून तसेच वाकून उभे होते. आणि ते तसे उभे असताना, भरदिवसा, फ्रीजच्या बुडातून एक झुरळ निघालं आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्यावरून निवांत पलीकडे गेलं. चोराच्या मनात चांदणं असतं. केशवरावांनी खोकून शरयूताईंचं लक्ष पळीकडेच राहील अशी व्यवस्था केली.

एवढं सामान ओट्यावर आलं म्हटल्यावर गल्लीला कळल्याशिवाय थोडंच राहतं? समोरच्या राधेश्यामचं मोंढ्याच्या बाजारात कृषी सेवा केंद्र. तो दुकानाला जाता जाता थांबला, पाळण्याकडे आणि काकांच्या वाकलेल्या पाठीकडे आळीपाळीने पाहिलं, आणि सल्ला दिला.

"काका, कशाला एवढा ताप करून घेता? माह्याकडं कपाशीवर मारायचं एक जालीम औषध आलंय. पाठीवरचा पंप घेऊन येतो संध्याकाळी. एक फवारा मारला की बिलकुल साफ."

"अन् माणसं?" शरयूताईंनी विचारलं.

"माणसं आठवडाभर टेंभुर्णीला गेली तर बरं राहील."

शरयूताईंनी त्याला चहा दिला आणि औषधाला नकार दिला. मग केशवराव पाठीला पट्टा बांधून महापालिकेच्या कचेरीत गेले. सरकारी माणसाने सरकारी मार्गाने जावं, असं त्यांचं मत. तिथल्या खिडकीतल्या गृहस्थांनी आधी विचारलं, झुरळं घरातली का गटारातली? घरातली असतील तर खाजगी मालमत्ता, आमचा संबंध नाही. गटारातली असतील तर गटारं ज्यांच्याकडे आहेत ते साहेब रजेवर. आणि काही का असेना, आमच्या विभागाकडे फक्त डास.

"मी स्वतः नकाशा काढून आणलाय," केशवराव जरा ताठ होत म्हणाले. पाठीमुळे ताठ होणं जमलं नाही. "प्रमाणात काढलेला."

गृहस्थांनी नकाशा उलटा धरून कौतुकाने पाहिला. "छान काढलाय काका. पण याच्यात डास कुठं दाखवलेत?"

ज्या खात्यात हयात घालवली त्याच्यासारख्याच खिडकीवरून अशी परत पाठवणी झाल्यावर माणसाच्या मनाला काय होतं, ते ज्याचं त्यालाच माहीत. केशवराव रिक्षा न करता चालत घरी आले. नकाशा त्यांनी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात ठेवून दिला. आपल्याला झुरळं सापडत नाहीत हे एक, पण ती सापडली आहेत आणि आपण लपवतो आहोत, हे त्यांना जास्त लागत होतं.

महालक्ष्म्या अगदी तोंडावर आल्या. नवऱ्याच्या शास्त्रावरचा शरयूताईंचा विश्वास उडाला आणि त्यांनी आपलं शास्त्र काढलं. संध्याकाळची भांडी आवरल्यावर स्वयंपाकघराच्या जमिनीवर त्यांनी ज्वारीचं बारीक पीठ भुरभुरलं. सकाळी उठून बघायचं, पाऊल कुठे उमटलं आणि कुठे गेलं. झुरळांना घातलेलं हे जेवण आहे असं केशवराव म्हणाले, पण त्यांच्याकडे आता कुणी लक्ष देत नव्हतं.

सकाळी शरयूताई दूध घ्यायला दारात गेल्या होत्या. तेवढ्यात मागच्या दाराने द्वारकाबाई आल्या. द्वारकाबाई म्हणजे कचरूभाऊंच्या मंडळी. महालक्ष्म्यांच्या एका मुखवट्याची नथ त्यांच्या हाती सोनाराकडे दुरुस्तीला दिली होती, ती परत द्यायला त्या आल्या होत्या. त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, खाली पाहिलं आणि नथीसकट हात जोडले.

"अगं माय! पावलं उमटून राह्यली की वो! लक्ष्मी सणाच्या आधीच येऊन गेल्ती!"

खरोखरच पिठात बारीक बारीक पावलांच्या सुबक ओळी उमटल्या होत्या. उंबऱ्यापासून निघून, मोरीला वळसा घालून, त्या सगळ्या फ्रीजपाशी जाऊन थांबत होत्या. शरयूताई दुधाची पिशवी घेऊन आत येईपर्यंत द्वारकाबाई मागच्या दाराने बाहेर पडून गल्लीत पोहोचलेल्या होत्या. बघता बघता बाया जमल्या. कुणी हळदकुंकवाचा करंडा आणला, कुणी खण आणला. राधेश्यामची बायको दैवशाला तर निरांजन लावूनच आली. पावलं पुसू नयेत म्हणून सगळ्या भिंतीच्या कडेकडेने गेल्या, आणि लक्ष्मी जिथे थांबली त्या फ्रीजला त्यांनी हळदकुंकू वाहिलं.

शरयूताई मधल्या दारात उभ्या. सांगावं तर ऐन सणात घरात झुरळं असल्याचा गल्लीभर बोभाटा, न सांगावं तर देवीच्या नावाने खोटं. त्यांनी केशवरावांकडे पाहिलं. केशवराव छताकडे पाहत होते. आणि तेवढ्यात निरांजनाच्या उबेने म्हणा की कुंकवाच्या वासाने, फ्रीजच्या बुडातून एक भलं दांडगं झुरळ बाहेर आलं. उमटलेल्या ओळीवरूनच, पावलात पाऊल टाकत, ते पार उंबऱ्यापर्यंत चालत गेलं, तिथे वळलं, आणि तसंच परत येऊन फ्रीजखाली गेलं.

दैवशालाच्या हातातलं निरांजन तसंच अधांतरी.

"वैनी," द्वारकाबाई शेवटी म्हणाल्या, "तुमच्या लक्ष्मीला मिशा हायेत."

आधी दैवशाला हसली, मग सगळ्याच. शरयूताई हसता हसता खाली पिठातच बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. मग एकेकीची जीभ सुटली. दैवशालाच्या घरी झुरळं मिक्सरच्या बुडात होती. द्वारकाबाईंच्या घरी टीव्हीच्या मागे. "रोज माह्याबरोबर मालिका बघतेत," त्या म्हणाल्या. ज्या बाया फक्त पावलं बघायला आल्या होत्या त्यांनी चहा घेतला. द्वारकाबाई उठल्या, फ्रीजची सुतळी सोडून त्यांनी दार उघडलं आणि वरच्या कप्प्यावर हात ठेवला.

"इथं असायची यांची बाटली. आमच्या घरी फ्रीज आल्यावर पण ते म्हणायचे, राहू दे तिकडंच, सकाळी जरा बोलणं होतं. मीच भांडून घरी आणली. मंग सकाळी नुसते ओट्यावर बसायचे." त्यांनी दार हळूच लावलं आणि सुतळी पुन्हा नीट बांधली.

बाया गेल्या. केशवरावांनी पाठीचा पट्टा आवळला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि फ्रीजची मागची जाळी काढली. आतल्या मोटारीच्या उबेला, कुजलेल्या रबराच्या आणि मऊ पडलेल्या पुठ्ठ्याच्या घड्यांमध्ये अख्खं गाव वसलं होतं. नकाशातल्या रेघा जिथे मिळाल्या होत्या, बरोबर तिथेच.

"मला आधीच माहीत होतं," ते म्हणाले. "रेघ मी सरकवली होती, माळ्याकडे."

शरयूताई चिडतील असं त्यांना वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. हळदकुंकू लागलेल्या त्या पांढऱ्या दाराकडे बघत त्या म्हणाल्या, "औषध मारून बघू या का? ठेवायचाच असेल तर ठेवू. मी मधुवंतीला सांगेन समजावून."

इथे केशवरावांना हो म्हणायचं होतं. त्यांच्या अगदी ओठावर होतं. पण मोजणीदार तो मोजणीदार.

"काय सांगशील तिला? सून पहिल्यांदा घर हिंडणार. इथं तुझ्या सासऱ्याचा जीव आहे, जरा लांबून जा, असं? न्हाई. हद्द ती हद्द. जाऊ दे त्याला." असं म्हणून ते मोरीत तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ धूतच राहिले.

दुपारी भंगारवाल्याचा हातगाडा आला. त्या माणसाने फ्रीज आडवा करताच झुरळांचं गाव अंगणभर पळालं आणि गल्लीतल्या कोंबड्यांनी सण साजरा केला. केशवराव कोपऱ्यापर्यंत गाड्याबरोबर चालत गेले. पाहुण्याला पोचवायला जावं तसे.

घोटाळा लक्षात आला तो त्यानंतर. अपूर्व-मधुवंती संध्याकाळच्या गाडीने येणार, उद्या महालक्ष्म्या बसणार, परवा जेवण. ओट्यावर पंचामृताचं दूध, विरजण, सोळा भाज्यांची टोपली, ओली फुलं, खवलेलं खोबरं असं सगळं मांडलेलं, आणि घरात फ्रीज नाही. भाद्रपदातलं ऊन तर असं की दूध आणून ठेवताठेवताच नासावं.

"आता हे ठेवायचं कुठं?" शरयूताई म्हणाल्या.

केशवराव दुधाचं पातेलं घेऊन द्वारकाबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कुणाच्या फ्रीजमध्ये काही ठेवायला मागितलं नव्हतं. कडी वाजवायला हात उचलला, खाली आला, पुन्हा उचलला. आपल्या दारात इतकी वर्षं इतकी माणसं आली, त्यांनाही असंच ओशाळं वाटत असेल का, असा एक विचार त्यांच्या मनात आला. तेवढ्यात दार आतूनच उघडलं.

"भाऊजी, पातेलं हातात घेऊन काय विचार करून राह्यले? या की आत. जल्दी या, दूध नासेल."

आणि चहा झाल्याशिवाय त्यांनी भाऊजींना सोडलं नाही. भाज्या राधेश्यामकडे गेल्या. तिथेही बसावं लागलं, कारण राधेश्यामला कपाशीच्या भावावर बोलायचं होतं. फुलं आणि खोबरं पलीकडच्या दोन घरी गेलं. शेवटच्या घरातून केशवराव बाहेर पडले तेव्हा त्यांच्या पोटात इतका चहा झाला होता की रात्रीचं जेवण गेलं नाही.

महालक्ष्म्या आल्या. मधुवंती मुखवटा हातात घेऊन घर हिंडली. पाठोपाठ शरयूताई. हे माजघर, ही कोठी, हे स्वयंपाकघर. तिथे भिंतीलगत एक चौकोन रिकामा होता, बाकी फरशीपेक्षा उजळ. मधुवंती थांबली. "आणि इथे काय आहे आई?"

मागून द्वारकाबाईंनी उत्तर दिलं, "इथं फ्रीज आहे. सध्या माह्या घरी आहे."

जेवणाच्या दिवशी सकाळपासून रीघ लागली. द्वारकाबाई विरजण घेऊन आल्या आणि पुरणाला बसल्या, उठल्याच नाहीत. दैवशाला भाज्यांची टोपली घेऊन आली आणि भाज्या निवडू लागली. फुलांबरोबर ती ज्यांच्याकडे ठेवली त्या घरची माणसं आली, खोबऱ्याबरोबर त्यांची पोरं. राधेश्याम नुसतं 'टोपली पोचली का' बघायला आला आणि पंगतीला वाढायला लागला. मधुवंती कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बाबा, हे सगळे आपले नातेवाईक आहेत का?" केशवराव तोंड फिरवून पंगतीतली पानं मोजू लागले. भरल्या पंगतीत सूनबाईसमोर रडणं बरं दिसलं नसतं.

तेवढ्यात अपूर्व मोबाईल पुढे करत आला. "बाबा, हा बघा, दोन दारांचा, मोठा. आत्ता सांगितला की परवा घरपोच. आई, रंग कुठला हवा?"

केशवरावांनी फोनकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात पाहिलं. तिथे पाऊल ठेवायला जागा नव्हती.

"एवढी घाई न्हाई रे," ते म्हणाले. "दिवाळी होऊ दे."

नवऱ्याचं कुठलंच म्हणणं शरयूताईंनी आजवर एका झटक्यात मान्य केलेलं नव्हतं, आणि तेव्हाही केलं नाही. पुरणाचा हात तसाच वर धरून त्या आतून म्हणाल्या, "दिवाळीत कुठं आणता? संक्रांत जाऊ द्या, मग बघू."